कौलाच्या रंगाचा तारामासा

सर तासाला यायचे तेव्हा त्यांच्या एका हातात हजेरीपट असायचा आणि दुसऱ्या हातात फुटक्या कौलाचा तुकडा. उदगीरच्या आमच्या कॉलेजात रंगीत खडू मिळत नसत, आणि तारामासा पांढऱ्या खडूने काढून सोडून द्यायला सरांचं मन घेत नसे. ते आधी खडूने पाच हातांची आकृती काढत, मग कौलाचा तुकडा आडवा धरून ती भरत. फळ्यावर असा काही करकर आवाज व्हायचा की पुढच्या बाकावरच्या आम्ही मुली कान झाकून घ्यायचो. सर मागे न बघता म्हणायचे, "कान झाका, डोळे झाकू नका. हा रंग बघून घ्या. बाटलीतल्याचं खरं मानू नका. त्या बिचाऱ्याचा मेल्यावर उतरलाय."

प्रयोगशाळेच्या कपाटात फॉर्मॅलीनच्या बाटलीत कॉलेजचा एकुलता एक तारामासा होता. शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा पांढुरका पडलेला. आमच्या आधीच्या एका वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तारामाशाचा रंग विचारला, तेव्हा ओळीने साऱ्या मुलांनी 'पांढरा' असं सांगितलं होतं म्हणे. ती चूक आमच्याच भागातल्या मुलांनी करावी. समुद्र कुणी पाहिलेला नाही, तेव्हा बाटलीत जे दिसलं तेच खरं. त्या दिवसापासून सरांनी कौल हातात घेतलं आणि मुलांनी त्यांना 'तारामासा सर' म्हणायला सुरुवात केली. सरांना ते ठाऊक होतं. एकदा कुणीतरी कॉलेजच्या भिंतीवर ते नाव कोळशाने लिहिलं. सर थांबले, वाचलं आणि म्हणाले, "अक्षर चांगलंय. चित्र काढायचं तेवढं राहिलं."

सर देवणीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. बोलणं सावकाश. त्यांचा एक हट्ट होता, की कुठल्याही प्राण्याचं वर्णन करताना तो राहतो कुठे हे आधी सांगायचं. "जागा सांगा आधी, जनावर मग," असं ते म्हणत. "जागा कळली की अर्धं जनावर कळलं." हा नियम त्यांनी आम्हालाही लावला होता. ते मुलांना नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. "हाळी, खिडकी उघड." "देगलूर, झोपलास का?" मी जळकोटची, म्हणून मी 'जळकोट'. तेव्हा जळकोट तालुका झालं नव्हतं. लातूर जिल्हाच नवा होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद पुसून त्यावर लातूर लिहिलं होतं आणि खालची जुनी अक्षरं उन्हात अजून दिसायची. नवा जिल्हा झाला आणि लागोपाठ पाऊस हटला. लोक कचेरीच्या पायरीवर बसून म्हणायचे, "जिल्हा आला बगा, आता पाणी कवा येतंय?"

अशा दिवसांत आम्ही लाल तारामासा शिकलो. सर सांगू लागले की समोर खडक दिसायचा. उत्तरेकडचा थंड समुद्र. ओहोटीला उघडे पडणारे दगड, तिथून पार खाली, उजेड पोचत नाही तिथवर त्याची वस्ती. खडकावर, खडीवर, आणि शिंपल्यांची जिथे दाटी तिथे तर हमखास. वरून लाल, कधी नारिंगी, कधी विटकरी, एखादा जांभळटसुद्धा. पाठ खरबरीत, प्रत्येक हाताच्या मधोमध पांढऱ्या बारीक काट्यांची ओळ. पोट मात्र फिकट. हातांच्या टोकाला एकेक लाल ठिपका, तो त्याचा डोळा. त्याला फक्त उजेड-अंधार कळतो. एक हात तुटला तर पुन्हा फुटतो. सगळं आधी मराठीतून सांगत, मग इंग्रजी नावं. "आधी आपल्या भाषेत दिसू द्या," ते म्हणत, "मग नाव काय, कुठलंबी चिकटवता येतं." आमच्यापैकी बहुतेकांच्या घरात इंग्रजी पुस्तक पहिल्यांदाच आलं होतं. त्या वाक्याने किती जणांना तारलं असेल, ते आम्हालाच माहीत.

हाळीच्या एकाने विचारलं, "सर, आपल्या तिरू नदीत घावंल का एखादा?"

"तिरूत यंदा बेडूक घावना, तारामासा कुठला आणतोस! अन् पाणी असलं तरी न्हाई. गोड्या पाण्यात तो मरतो."

त्याच तासाला त्यांनी सांगितलं की तारामाशाच्या अंगात रक्त नसतं. समुद्राचंच पाणी त्याच्या अंगातून फिरतं. पाठीवर एका बाजूला बारीक चाळणीसारखी गोल चकती असते. तिथून पाणी आत जातं, नळ्यांतून पाचही हातांत पोचतं आणि हातांखालच्या शेकडो इवल्या पायांत भरतं. पाणी भरलं की पाय लांबतो आणि दगडाला चिकटतो, पाणी मागे ओढलं की आखडतो. तसं करत करत तो चालतो.  आमच्यातले कितीतरी जण सकाळी टँकरपाशी घागरी लावून आले होते. सर कौलाचा तुकडा टेबलावर ठेवत म्हणाले, "पाण्यावर चालणारं जनावर हाय हे. आपलंबी तसंच की."

आता माझ्या घरचं सांगायला हवं. आम्ही लिंगायत. अप्पांचं जळकोटला किराणा दुकान होतं. ते स्वतः शाळेत फारसे गेले नव्हते; हिशेब मात्र तोंडी पक्का. घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली. 'सायन्स' म्हणजे काहीतरी मोठं, एवढंच अप्पांना ठाऊक होतं. मी शेवटच्या वर्षाला असताना दुकानात आलेल्या एका पाहुण्याने सांगून टाकलं, "अप्पा, तुमची पोरगी तिकडं बेडूक फाडती." त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. तशात प्राणिशास्त्राच्या अभ्याससहलीची गोष्ट निघाली. चार-पाच दिवस कोकणात, समुद्रकाठी. सहल केल्याशिवाय प्रॅक्टिकलला बसता येत नव्हतं, आणि प्रॅक्टिकलशिवाय पदवी नव्हती.

अप्पा म्हणाले, "आपण मुंगीला साखर घालणारी माणसं. तू बेडूक फाडायची, अन् आता पोरांबरुबर मासे बघायला जायची? बास झालं कॉलेज. घरी पाण्याला माणूस न्हाई." आणि वर, देगलूरकडचं एक स्थळ आलंय, तेही सांगून झालं. मी कॉलेजला जाणं बंद केलं. रोज टँकरची वाट बघत घागरींच्या रांगेत उभी राहू लागले.

एका सोमवारी दुपारी सर एसटीने जळकोटला उतरले. मांडीवर धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन ते सगळा प्रवास करून आले होते. कंडक्टरने विचारलं होतं म्हणे, "सर, लोणचं चाललं का पाहुण्याकडं?" ते दुकानात आले, 'शरणार्थ' म्हणत हात जोडले, आणि फडकं सोडून गुळाच्या ढेपेशेजारी फळीवर ती बाटली ठेवली. कॉलेजची, फॉर्मॅलीनची. मी आतल्या दाराआड उभी होते. 

"हे काय हाय?" अप्पांनी विचारलं.

"तारामासा."

"मासा?" अप्पा गादीवरून उठूनच उभे राहिले. "सोमवारी? माझ्या फळीवर?"

"नावाचा मासा, अप्पा. कल्ला न्हाई, कणा न्हाई, खवला न्हाई. माशाच्या कुळातलाच न्हाई तो."

"पण जीव व्हता न्हवं?" अप्पांनी आत हाक मारली, "अगं, पाणी आण घागरभर. फळी धुवायची हाय."

आतून अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणाली, "हाय ती एकच घागर हाय. फळी धुवायची का डाळ शिजवायची, तेवढं सांगा."

 अप्पांनी देवळीतली विभूतीची डबी घेतली आणि फळीवर, बाटलीच्या चारी बाजूंनी, बोटांनी विभूतीचे पट्टे ओढले. सर शांतपणे बघत होते. पट्टे ओढून झाल्यावर त्यांनी कपाळ पुढे केलं. "मलाबी लावा, अप्पा. आणलंय तर मीच की."

अप्पांना हसू आवरलं नाही. त्यांनी सरांच्या कपाळावर तीन बोटं ओढली आणि म्हणाले, "बसा. आता काय, दोघंबी शुद्ध झालात."

दुकानदार माणसाला बाटलीतल्या वस्तूची चौकशी केल्याशिवाय राहवेना. "खातं काय हे?"

"शिंपल्यातलं मांस. खोटं कशाला बोलू, शाकाहारी न्हाई. शिंपला घट्ट मिटून बसतो. हा त्याला पाचही हातांनी कवटाळतो अन् ओढत ऱ्हातो. जोर लई न्हाई करत. नुसता ओढून ऱ्हायला, ओढून ऱ्हायला. शेवटी शिंपलाच दमतो."

"म्हंजी घासाघीस करतंय," अप्पा म्हणाले. "आमच्या गिऱ्हाईकावानी चिवट हाय."

"अगदी."

अप्पांनी बाटली उचलून उजेडात धरली. सोमवार होता, हे ते विसरले असावेत. "जितं पाहिलंय तुम्ही?"

सरांनी मान हलवली. "न्हाई."

"समुद्रात तर असंल पाहिलेलं."

"समुद्रबी न्हाई पाहिला, अप्पा."

दाराआड माझा विश्वास बसेना. आम्हा सगळ्यांना वाटायचं की सर तरुणपणी समुद्राकाठी राहून आलेत. त्याशिवाय ओहोटीचे दगड असे कसे सांगता येतील? सर सांगत होते की दर वर्षी सहलीला दुसरे प्राध्यापक जातात. त्यांची आई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली आहे, तिला कूस वळवायलाही माणूस लागतं. ते आणि त्यांची पत्नी पाळीपाळीने तिच्यापाशी असतात. नोकरीला लागल्यापासून ते कधी मुक्कामाला बाहेर गेले नव्हते.

"मंग न बघितलेलं शिकवता?" अप्पांनी विचारलं. आवाजात टोमणा होता.

"हाव. पुस्तकात मिळतं तेवढं नीट करून शिकवतो. पण तुमची पोर उद्या वर्गावर उभी ऱ्हाईल, तिनं तसं शिकवू नये, असं वाटतं. तिनं बघून शिकवावं. तेवढ्यासाठी आलोय."

 एक गिऱ्हाईक आलं, अप्पांनी त्याला मीठ दिलं, ते गेलं. मग अप्पा म्हणाले, "दुसऱ्या कुणाबरुबर पाठवणार न्हाई. तुम्ही जाणार असाल, अन् वहिनी संगं असतील, तर घेऊन जा."

सरांनी बाटलीला फडकं गुंडाळायला घेतलं. ही अट आपल्याला झेपणारी नाही हे त्यांच्या हातांवरून दिसत होतं. गाठ नीट बसत नव्हती. "दोघं गेलो तर म्हातारीला कोण?" एवढंच म्हणाले.

तेवढ्यात अव्वा बाहेर आली. परक्या माणसासमोर दुकानात ती कधी येत नसे. डोक्यावर पदर घट्ट ओढलेला. "म्हातारीला मी बगते," ती म्हणाली.

अप्पा चमकले. "तू? त्येंच्या घरी राहणार? तिथं मटण शिजतंय."

"माझा स्टो नेते, माझी भांडी नेते. चार दिस न शिजवा म्हणावं."

"महिनाभर न्हाई शिजवत, अव्वा," सर म्हणाले. 

अप्पा अव्वाकडे बघत राहिले. अव्वा अप्पांकडे न बघता म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला दूध-भात भरवायला काय कुळ विचारावं लागतंय? पोरीचं वरीस जाईल त्येचं बगा."

असं करून मी समुद्राला गेले. रत्नागिरीकडचं एक लहान गाव होतं. रात्रभराचा प्रवास संपवून आम्ही वाळूवर पोचलो तेव्हा ओहोटी लागलेली होती. सरांनी आम्हाला अर्धगोल उभं केलं, स्वतः समुद्राकडे पाठ केली आणि शिकवायला सुरुवात केली. भरतीची रेषा कुठली, ओहोटीची कुठली, कुठल्या पट्ट्यात कोण राहतं. हात मागे करून दाखवत, पण मान वळवत नव्हते. फळ्याकडे पाठ करून उभं राहायची सवय, असं आम्हाला वाटलं. बराच वेळ झाल्यावर काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, न राहवून म्हणाल्या, "अहो, मागं वळा की. त्येलाच बगायला आलाव न्हवं आपण?"

सर वळले.   किती तरी वेळाने ते एवढंच म्हणाले, "ह्याचा आवाज कुठल्याच पुस्तकात दिलेला न्हाई."

चपला हातात घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते दगडांमधून हिंडू लागले. काठावर काही बाया जाळी झटकत मासळी निवडत होत्या. निवडून टाकलेल्या चिखलगाळात एकीला तारामासा दिसला आणि तिने तो आमच्या दिशेने सरकवला. "हे घ्या, आमच्या काय कामाचा नाय." लालसर होता. तळहाताएवढा. सर वाळूवर गुडघे टेकून बसले. "हा आपल्या पुस्तकातला नव्हे," त्यांनी आधी सांगितलं. "तो थंड समुद्रातला, इकडं येत न्हाई. हा त्याचा इथला भाऊबंद. पण कारभार तोच."

आम्ही बादलीत समुद्राचं पाणी घेऊन त्यात त्याला सोडलं. घाईत तो उताणा पडला, पोट वर. एका मुलाने सरळ करायला हात घातला, तर सर म्हणाले, "हात लावू नका. त्याला येतं." आम्ही वाट बघत बसलो. हळूहळू त्याच्या एका हाताचं टोक वळलं. खालून काचेसारखे बारीक पाय बाहेर आले, बादलीच्या बुडाला चिकटले. मग दुसरा हात. स्वतःला ओढत ओढत, कुठलीही गडबड न करता, तो सुलटा होऊन बसला. जे फळ्यावर करकर आवाजात शिकलो होतो ते समोर घडत होतं. काकूंनी नकळत हात जोडले.

"रंग आत्ता लिहून घ्या," सर म्हणाले. "बाटलीत गेला की उडतो." आम्ही बघून लिहिला. लाल तिखटात हळद मिसळावी तसा तो होता. मी हे मोठ्याने वाचलं तेव्हा सरांनी माझ्याकडे, मग बादलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजी ह्या घराण्यात इतकं फिकटबी असतंय. मी दर वर्षी एकच रंग काढत आलो. आता पुढच्या पोरांना सांगायला पाहिजे." त्यात खेद नव्हता. शिकायला मिळाल्याचा आनंद होता. पुढे मी पुष्कळ शिक्षक पाहिले. वर्गासमोर आपली माहिती अशी बदलून घेताना एवढा आनंदलेला माणूस मी पाहिला नाही.

आम्ही परत आलो तेव्हा सरांच्या आई अव्वाचा हात सोडायला तयार नव्हत्या. अव्वा अप्पांना सांगत होती, "चार घास जास्त जेवली माझ्या हातचं." त्या उन्हाळ्यात मी प्रॅक्टिकलला बसले आणि पदवीधर झाले. देगलूरच्या स्थळाला अप्पांनी स्वतःच नाही कळवलं. पाहुणे रागावले तेव्हा म्हणाले, "पोरगी समुद्राला जाऊन आलीय. पुढं शिकवणार असाल तर बोला." मी बी.एड. केलं, नांदेडला शाळेत लागले, लग्नही तिथेच झालं, नोकरी करू देणाऱ्या घरात. वर्गात मी बघितलेलं शिकवते, आणि न बघितलेलं शिकवायची वेळ आली तर मुलांना तसं सांगते. सरांचं ऋण कसं मांडावं, हे मला अजून जमलेलं नाही.

सरांचा जळकोटचा फेरा मात्र तुटला नाही. निवृत्त होऊन देवणीला गेल्यावरही, इकडे आले की ते दुकानात टेकत. अप्पा त्यांना चहा पाजत आणि काहीतरी विचारत. समुद्र खारट का? ओहोटीला पाणी जातं कुठं? मग तेच ज्ञान गिऱ्हाइकांना द्यायचे. तेल मापता मापता एखाद्याला सांगायचे, "त्येला डोळे हाताच्या टोकाला असतात बरं का." गिऱ्हाईक म्हणायचं, "कुणाला अप्पा?" "हाय एक. तुला न्हाई कळायचं."

सर गेल्याचा निरोप मला नांदेडला शाळेत मिळाला. अप्पांना बरोबर घेऊन देवणीला जावं म्हणून मी पहिल्या गाडीने जळकोटला आले. तो बाजारचा दिवस होता. रस्ता माणसांनी भरलेला. बाजारच्या दिवशी दुकान बंद ठेवलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आजोबा वारले तेव्हासुद्धा दुपारनंतर उघडलं होतं. अप्पा धुतलेलं धोतर नेसून, थकलेल्या हातांनी दुकानाच्या दाराची एकेक फळी खाचेत बसवत होते. अव्वा पिशवी घेऊन पायरीवर बसली होती.

पिशव्या घेऊन आलेला एक शेतकरी थबकला. "आज बाजार, अन् दुकान बंद? कोण वारलं, अप्पा?"

"आमचे सर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "ताईचे व्हय?"

अप्पांनी शेवटची फळी बसवली. कडी घातली, कुलूप लावलं, ओढून बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले. "आमचे."